धुतलेला फिल्टर

७ सप्टेंबर, रविवार. चिखली

"स्टँडवरच्या जीपवाल्या भावांनो, तुमच्या-माझ्या घरातली इंजिनं वय व्हायच्या आधी मरतात, आणि आपण त्याला नशीब म्हणतो."

भाषणाचं एवढं एक वाक्य झालं. पुढं सरकत नाही. पुढच्या रविवारी जीप स्टँडवर बैठक. दसऱ्याला सगळ्या गाड्यांचं तेल बदलतात, तर यंदा ऑइल फिल्टर सगळ्यांनी मिळून एकाच प्रकारचे घ्यायचे. कोणते, ते तिथं ठरेल. मी बोलणार आहे. धाकट्या भावाला, विनोदला, अजून सांगितलं नाही. त्याची जीप त्याच स्टँडवर लागते.

उन्हाळ्यात जानेफळच्या रस्त्यावर त्याचं इंजिन जाम झालं. रफिक मिस्त्रींनी सिलिंडर आतून घासून, बोअर करून उभं केलं, पण जाताना म्हणाले, "ताई, सिलिंडरले आता मांस नाई राह्यलं. हे शेवटचं. पुन्हा जाम झालं तं भंगार."

दुसरी गाडी नाही. विनोदला गाडीशिवाय दुसरं काही जमत नाही. जमवायचंही नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

कॉलेजच्या लायब्ररीतून लवकर निघाले. अंगणात प्रयोग मांडला. तीन फिल्टर. कंपनीचा नवा, बाजारातला स्वस्त नवा, आणि विनोदनं डिझेलमध्ये धुऊन "अजून एक साल चालते" म्हणून ठेवलेला.

जळकं तेल कोमट केलं, लेथवरचा लोखंडाचा भुगा त्यात ढवळला, तिन्हींतून सारखंच ओतलं. खाली टिपकागद. मग जयंतीच्या मिरवणुकीत फुटलेल्या भोंग्याचं लोहचुंबक गाळलेल्या तेलात फिरवलं.

कंपनीच्यातून तेल थेंबथेंब आलं, पण चुंबक जवळजवळ कोरडं. स्वस्तातून धारच लागली, आणि चुंबकाला दाढी फुटली. धुतलेल्याचं तेल घातलं त्याहून काळं. जे मी घातलंच नव्हतं तेही बाहेर आलं.

नंतर तिन्ही कापून पाहिले. स्वस्ताच्या कागदाला घड्या मोजक्या, आणि कडेला डिंक सुटलेला, नख जातं. धुतलेल्यात तर बाहेरची घाण धुण्यात आतल्या अंगाला गेलेली. म्हणजे तो लावला की ती घाण थेट इंजिनात.

विनोदची बायको सविता दारात उभी राहून बघत होती. "ताई, हे त्यायले दाखवा." दाखवलं. विनोद म्हणाला, "तो म्या घाईत धुतला होता."

१४ सप्टेंबर, रविवार

बैठक झाली. लिहावंसं वाटत नाही.

भाषण उत्तम झालं. हेच तर दुःख. टाळ्या पडल्या, एकदोन म्हातारे ड्रायव्हर डोळे पुसत होते. इंजिनाच्या मरणावर डोळे पुसतात माणसं. मग म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. दोन नवे फिल्टर, खाली दोन टिपकागद, सगळ्यांसमोर तेल ओतलं.

स्वस्तातून सरसर धार. कंपनीच्यातून टिप. टिप. टिप.

स्टँडचे अध्यक्ष दिगांबरभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहा बे, कसं मोकळं चाललं! अन् ताईचं तं एस.टी.वानी, थांब्या-थांब्याले थांबून राह्यलं."

"इंजिनले तेल पायजे का उपास पायजे?" मागून कोणीतरी.

हशा.

मी टिपकागद वर केले. एक स्वच्छ, एक करडा. म्हटलं, हातात घ्या, नीट बघा. घेतले. या हातातून त्या हातात. परत आले तेव्हा दोन्ही सारखेच काळे. ज्यानं त्यानं आपला अंगठा उमटवला होता. कोणता कोणाचा, मलाच ओळखू येईना.

हात वर झाले. स्वस्त फिल्टर मंजूर. त्याला नावही मिळालं, "मोकळा". विनोदचा हात वर झाला नाही, खालीही नव्हता. मिशीवर होता.

घरी येताना जीपमध्ये तो म्हणाला, "ताई, तू बोलताना कवा काई गाळलं? अन् आता साऱ्या स्टँडले गाळणं शिकवून राह्यली."

हसू आलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

इंजिनात पंप तेल रेटतो. तिथं कंपनीच्या फिल्टरचा संथपणा उरतच नाही. हे एक साधं वाक्य कालच्या भाषणात नव्हतं. बाकी सगळं होतं. गुलामी होती, विवेक होता, माणसाचं माणूसपण होतं. पंप नव्हता.

इतकी वर्षं गावोगाव बोलतेय. देऊळघाट, जानेफळ, मेहकर. कोणाच्या घरातली एक सवय तरी बदलली का? माहीत नाही. टाळ्या मात्र कोणी धुऊन पुन्हा वापराव्यात इतक्या ताज्या.

२१ सप्टेंबर, रविवार

रफिक मिस्त्रींकडे गेले होते. "मोकळ्या"ची खोकी तिथंच उतरली आहेत. मी विचारलं, तुम्ही तरी का बोलला नाहीत?

"तुमचं खरं हाये ताई. पण मी बोललो तं म्हणतीन, मिस्त्री महागाचा माल खपवून राह्यला." मग पाना पुसत म्हणाले, "अन् गाड्या खराबच नाई झाल्या तं मी काय भजे तळू काय?"

चहा पाजला त्यांनी. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांच्या मधूनच सगळी घाण पुढं जाते. (हे भाषणात वापरू नये. फार चटपटीत आहे आणि पूर्ण खरं नाही.)

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी उगाच आशा वाटली. विनोद स्वतःहून म्हणाला, "तो मोकळा मी नाई लावत." मी आत जाऊन फळीवरून कंपनीचा नवा फिल्टर आणला. गुपचूप आणून ठेवला होता.

त्यानं हातात घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला.

"राहू दे. माह्या गाडीतला जुनाबी कंपनीचाच हाये. तूच म्हणते ना कंपनीचा चांगला? मंग तोच धुतो. ह्या बारीनं पेट्रोलनं धुतो, एकदम चकाचक."

"विनोद, धुतलेला सगळ्यात वाईट निघाला होता. तुझ्यासमोर."

"नवा लावला तं स्टँडवर काय म्हणतीन? ताईनं पदराखालून देल्ला म्हणतीन. मले तिथं रोज उभं राह्यचं हाये. तुले एक रोज."

गेला.

सविता भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुमी स्टँडवर नसत्या बोलल्या तं त्यायनं चुपचाप लावला असता."

दिवसभर हेच एक वाक्य. माझ्या कुठल्याही वाक्याहून जड.

१ ऑक्टोबर, बुधवार

अंगणात पेट्रोलचा वास. विनोदनं फिल्टर धुतला, झटकला, वारा दिला, उन्हात ठेवला. लहान लेकराला न्हाऊ घातल्यासारखं प्रेमानं. तेल बदललं. स्टँडवर आज खंडेनवमीचे नारळ-हार चालू आहेत. आमच्या घरात नारळ फुटत नाही, वडिलांनीच सोडला. पण तेल बदलायचं ते दसऱ्याच्याच मुहूर्तावर. नारळ सोडला, मुहूर्त नाही सोडला. मी वडिलांना कधी विचारलं नाही, आता विनोदला काय विचारू?

गाडी सुरू केली. तेलाचा दाब सांगणारा लाल दिवा इंजिन लागताच विझायला हवा. विझला, पण जरा रेंगाळून. विनोदनं काचेवर टिचकी मारली. "ऐक कसं गाणं म्हणून राह्यली!"

मी तेलाचा रिकामा डबा उचलून आत आणला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी देऊळघाटला धम्मचक्र दिनाचं भाषण. विनोदच घेऊन गेला. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, सोयाबीनच्या चिखलातून वाट काढत आलेली माणसं. मी म्हटलं, बाप सांगतो म्हणून मानू नका, पोथी सांगते म्हणून मानू नका, मी सांगते म्हणूनही मानू नका. पारखा, मग माना. टाळ्या. सगळ्यात जोरात विनोदच्या. पहिल्या रांगेत बसला होता, शेजारच्याला सांगत होता, "माही बहीण हाये."

तो खोटं वाजवत नव्हता. त्याचा अभिमान खरा आहे. त्याचीच भीती वाटते.

परत निघताना त्यानं चावी फिरवली. लाल दिवा लागलाच नाही. चावी दिली की इंजिन लागायच्या आधी तो पेटायलाच हवा. विचारलं.

"तार काढून टाकली. सारखा डोळा मारून राह्यला होता चढावर. पॅसिंजर भेतात ना."

पूर्ण रस्ताभर मी इंजिन ऐकत होते. चढावर खालून एक बारीक टकटक. असेल. नसेल. माझ्याच कानात असेल. त्याला म्हटलं, ऐकू येतंय का? तो म्हणाला, "तुह्या भाषणाचं डोकं दुखून राह्यलं तुले."

संध्याकाळ. तो अंगणात जीप पुसतोय. उद्या पहाटे जानेफळची लग्नाची बोलणी करायला निघालेली माणसं, दाटीवाटीनं भरून, दोन खेपा. सविता दिव्याची तार शोधतेय, त्यानं कुठं टाकली ती. मी खिडकीशी. इथून हाक मारली तर त्याला ऐकू जाईल. पण मी तोंड उघडलं की ते भाषण होतं, आणि भाषण झालं की तो टाळ्या वाजवतो.

म्हणून आधी इथं लिहून बघतेय, किती कमी शब्दांत जमतं ते.

विनोद, उद्या चावी फिरवायच्या आधी तो फिल्टर काढ.