बोट लागलं की उडायची विद्या

सर, नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात एका जुडोवाल्या पोरानं माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि मी स्वतःहून मागं उडी मारून गादीवर उताणा पडलो, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्यानं ढकललं नव्हतं. तो अजून पाय रोवत होता, पकड कुठं घ्यावी हे बघत होता. त्याची बोटं टेकली आणि दोन वर्षं तुमच्यापुढं दर रविवारी जे केलं तेच माझ्या अंगानं केलं. छाती आत, पाय हवेत, तोंडातून ‘हूफ’. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. जुडोवाला बिचारा दोन्ही हात वर करून म्हणायला लागला, “म्या काहीच केलो न्हाई हो, आईच्यान!” आणि ताई ची म्हणजे आतल्या ताकदीची चिनी विद्या, शिष्याला हात लावून बघा, असं पाच मिनिटांपूर्वी माईकवर सांगणारे तुम्ही स्टेजवरच्या खुर्चीत असे बसला होतात, जणू मी कुणा दुसऱ्याचाच शिष्य.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याबद्दल कुठं वाईट बोललो नाही. तुमचा मान ठेवला म्हणून नाही, तुमची पोल उघडली की माझीही उघडली असती म्हणून. पण काल माझ्याच वर्गात, इथं लातूरला, माझं बोट लागलं आणि एक रिटायर माणूस मागं उडाला. मी जोर लावला नव्हता. आज सहाला ती दहा-बारा माणसं पुन्हा येणार आहेत आणि त्यांच्यापुढं काय तोंड घेऊन उभं राहायचं ते मला ठरवता येईना. तुम्ही समोर असता तर आज तुमच्यावर ओरडलो असतो. नाहीत, म्हणून लिहायलोय.

मी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धं टाकून नांदेडहून लातूरला तुमच्याकडं आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मुखेडहून वडील मला न्यायला आले, दारात उभे राहून त्यांनी अर्धा तास तुमचा वर्ग बघितला आणि म्हणाले, “पाण्यात हात हालवल्यासारखं करू लालेत सगळे. ह्याच्यासाठी कॉलेज सोडलास व्हय रे?” मी त्यांना सगळ्यांसमोर उलटं बोललो. “तुम्हाला काय कळतंय त्यातलं!” म्हणालो. आज तो प्रसंग आठवला की मला तुमचा राग येतो, माझा नाही, हेही सांगून टाकतो. कोचिंग क्लासच्या वरचा तो पत्र्याचा हॉल, भिंतीवर दाढीवाल्या चिनी म्हाताऱ्याचा फोटो. हे कोण, असं विचारलं की तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, “आपले आजेगुरू.” नाव विचारलं की म्हणायचात, “वेळ आली की कळेल.” वेळ काही आली नाही. तुम्ही गेल्यावर फोटो कुणीतरी काढून नेला असेल. ज्यानं नेला त्यालाही नाव ठाऊक नसणार.

आणि रविवारची ती सकाळ! आठवडाभर आम्ही गुडघे वाकवून झाडासारखे उभे राहायचो, आणि रविवारी पाहुणे आले की उडवायचा कार्यक्रम. औषधाच्या दुकानात कामाला असलेला आपला सर्वात जुना शिष्य, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, रांगेत माझ्या मागं उभा राहून कानात सांगायचा, “आज मोठं पड रे. नगरसेवक आलेत.” तुम्ही दोन बोटं लावायचात, आम्ही गाद्यांवर जाऊन आदळायचो, पाहुणे “अबब!” म्हणायचे. उडाली नाही ती एकटी तीच. फिजिओथेरपी शिकायची, माझ्या आठ दिवस आधी आलेली, शाळेत कबड्डी खेळलेली. तुम्ही तिच्या खांद्याला बोटं लावलीत, ती खाली बोटांकडं बघत राहिली आणि सरळ मनानं म्हणाली, “सर, काही झालं न्हाई. अजून एकदा करता?” तुम्ही हसून म्हणालात, “हिचं शरीर अजून बंद आहे.” जिन्यात तिनं मला अडवलं. “तू का उडतोस रे?” मी म्हणालो, “आतून धक्का बसतो. तुला नाही कळायचं.” ती म्हणाली, “मला कळायचं न्हाई, की तुला सांगायचं न्हाई?” त्या दिवसापासून मी तिच्यावर मरायला लागलो आणि तिच्याशी खोटं बोलायलाही.

नांदेडला ती आली होती. मी गादीवरून उठलो तेव्हा ती हसत नव्हती, तेच वाईट. पाण्याची बाटली पुढं करून हळूच म्हणाली, “त्यानं ढकललंच नव्हतं रे.” परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात आणि लोहा गाव येईपर्यंत बाहेरची शेतं बघत राहिलात. मग म्हणालात, “भिलास तू. भीती असली की विद्या उलटते.” मी, भिलो! सर, मी भिलो असतो तर चांगलं झालं असतं. भिलेला माणूस निदान दुसऱ्याचा हात धरतो.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभे, दुधाकडं बघताय. मी म्हणतो, “सर, आज मी तुम्हाला ढकलतो. नुसतं ढकलतो, उडत नाही. तुम्ही मला उडवून दाखवा.” तुम्ही गॅस बारीक करता. “गुरूच्या अंगाला हात लावणार तू?” मी म्हणतो, “मग शिकायचं कसं?” तुमची बोटं ओट्याच्या कडेवर घट्ट होतात, अजून दिसतात मला. “तुझी पातळी नाही अजून. निघ.” मी निघालो, तो परत आलो नाही. चार महिन्यांनी तुम्हाला अटॅक आला. मी तुमच्या मातीलाही आलो नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पुढं हैदराबादला हीच विद्या शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या, साठीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्याच दिवशी माझे दोन्ही हात स्वतःच्या कमरेवर ठेवून म्हणाल्या, “ढकलो जी. जोर से. शरमाते कायको?” मी ढकललं. त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अब सिखाती,” आणि काय केलं ते सांगितलं. कुठला गुडघा, कुठली टाच, माझा जोर कुठून येऊन कुठं गेला. चौथ्या दिवशी माझ्यानं त्या दोन पावलं मागं सरकल्या, तर टाळी वाजवून हसल्या. तेव्हा मला कळलं की शिकवणारा खरा की खोटा हे त्याच्या भिंतीवरच्या फोटोवरून कळत नाही, शिष्य किती लांब उडतात यावरून तर नाहीच नाही. तो स्वतःच्या अंगाला हात लावू देतो का, हरला की हसतो का, आणि काल जे जमत नव्हतं ते शिष्याला आज परक्या माणसावर जमतंय का, एवढं बघायचं. तुम्ही तिन्हींत नापास, सर. पण बाई एकदा माझ्या उभं राहण्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ये पैरां किसने दिए तुमको? पैरां तो असली हैं.” मी खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं. सगळंच खोटं असतं तर किती सोपं होतं! तुमच्याकडं खरं काहीतरी होतं, ते हळू होतं, पाहुण्यांना दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्ही त्याच्यावर तमाशा चढवलात. याची माफी नाही.

आपल्या फिजिओवालीनं मात्र नेमकं ते खरं तेवढंच उचललं. नांदेडला एका दवाखान्यात असते. मागं खांद्याचं निमित्त काढून गेलो होतो, खांद्याला काही झालं नव्हतं. पडदा अर्धा उघडा होता आणि ती एका म्हातारबाबांना दोन्ही हातांनी धरून सांगत होती, “गुडघे सैल सोडा, बाबा. वजन खाली जाऊ द्या, टाचंत.” तुमचेच शब्द, तुमचाच ठेका. बाबा थरथरत उभे राहिले. मी तिला न भेटताच एसटी धरली. लग्न झालंय का, हेही विचारायचं धाडस झालं नाही.

आता कालचं. रिटायर मास्तर आहेत, जवळच्या मुरुडहून येतात, माझ्यावर फार जीव. बोट लागलं आणि ते उडाले, उठून घाम पुसत म्हणाले, “काय ताकद आहे सर तुमच्यात!” बाकीचे वळून बघायला लागले. मला म्हणायचं होतं, मास्तर, मी काहीच केलं नाही. मी म्हणालो, “पुन्हा रांगेत या.” आणि सर, आत कुठंतरी गोड वाटलं.

म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मी तिला सांगितली नाही, हैदराबादच्या बाईंनाही नाही. तुम्ही मला पहिल्यांदा हात लावलात त्या दिवशी दादानं मला काही शिकवलं नव्हतं. कुणी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही नुसता माझा खांदा सरळ करायला आला होतात. कॉलेज सोडून आलो होतो, ती बघत होती, आणि काहीतरी व्हायलाच पाहिजे होतं, म्हणून मी उडालो. तुमच्या बोटांत काही नव्हतं. तुमचा चेहरा आधी दचकला, सर. मग हळूच खुलला. तुम्ही मला तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं, हे माझं म्हणणं अजून आहे.

पावणेसहा झाले. हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. जिन्यात मास्तरांच्या चपला वाजायल्यात. आज सगळ्यांसमोर त्यांना दोन्ही हात माझ्या कमरेवर ठेवायला लावतो आणि खरं ढकला म्हणतो. पडलो तर पडलो. जातो. या खोलीचं दार ओढून घेतो.