बाबांचे पाच शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून बाबांची केस मी हातात घेतली. मोटर वाइंडिंगही कोणी शिकवलं नव्हतं, स्वतःच शिकलो. मेंदू म्हणजे शेवटी वायरिंगच. स्मृतिभ्रंशावरचं सगळं नवं रिसर्च मोबाइलवर वाचून काढलं. आता रक्ताच्या टेस्टवरून कळतं, लवकर पकडलं तर उपायही आहेत. समता कॉलोनीतल्या क्लिनिकमध्ये नंबर लावला. आधी तोंडी टेस्ट, मग रक्ताची. तोंडीत पास झाल्यावरच पुढची असणार, सगळीकडे तसंच असतं.
पडद्याआड टेस्ट चालू होती, बाहेर सगळं ऐकू येत होतं. प्रत्येकाला लक्षात ठेवायला तेच पाच हिंदी शब्द: अमरूद, छाता, इंजन, हल्दी, चप्पल. असा ढिसाळपणा माझ्या दुकानात चालत नाही.

५ नोव्हेंबर
बाबांची तयारी सुरू. अमरूद म्हटल्यावर म्हणाले, काहून बे, पेरू आणायचे आहेत काय? चिडायचं नाही असा निश्चय केला. दुपारपर्यंत टिकला.
श्रावणी म्हणे, पापा, ये तो चीटिंग है. पोट्टीला काय कळतं. याला ब्रेन एक्सरसाइज म्हणतात.

९ नोव्हेंबर, रविवार
जमलं. बाबा गुढियारीला रेल्वेच्या मालगोदामात क्लार्क होते, वॅगनांचे नंबर चालीत ओरडायचे. त्याच चालीत शब्द बसवले. आता झोपेतून उठवलं तरी म्हणतात.
इंदू म्हणाली, काल त्यांनी गॅस चालूच ठेवला, वरून मला, सुनेलाच, विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडे आल्या? हे डॉक्टरला सांगा. सांगतो म्हटलं.

१२ नोव्हेंबर, दुपारी १
पाचपैकी पाच. क्रमानं. डॉक्टर देवयानी शाबास बाबा म्हणाल्या. मग मला विचारलं, घर में कोई दिक्कत? बाबा असे ताठ बसलेले, त्यात गॅसचं कुठे काढायचं. म्हटलं, सब बढ़िया.
तर म्हणे, मग रक्ताची टेस्ट नको, सहा महिन्यांनी दाखवा.
म्हणजे टेस्टचीच गरज उरली नाही. माझी पद्धत लागू पडली. येताना पेढे आणले.
इंदूनं पेढा घेतला नाही. म्हणाली, परीक्षा बाबांची होती की तुमची? जाऊन खरं सांगून या.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज क्लिनिकमध्ये जाणार होतो. नेमकी पंपाची मोटर आली, अर्जंट. बाबा दोन शर्ट एकावर एक घालून बसले आहेत. थंडीही आहे म्हणा.

२१ नोव्हेंबर
मी स्कूटर काढून राहिलो होतो, तर बाबांनी विचारलं, गुढियारी चलोगे क्या, भैया? आधीपासूनच गमत्या स्वभाव.
इंदू स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.
सोमवारी क्लिनिक. नक्की.

२४ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळ
बाबा सकाळी कोणाला न सांगता निघून गेले. गुढियारीत मालगोदामाजवळ सापडले. तिथल्या एका जुन्या हमालानं ओळखून दुकानावर फोन केला.
तो सांगत होता, लोगों ने घर पूछा, नाम पूछा, लड़के का नाम पूछा. बाबूजी हर बार सीधे खड़े होकर वही बोलते थे, अमरूद, छाता, इंजन, हल्दी, चप्पल. आधी लोक हसले. मग त्यांचे अनवाणी, सोललेले पाय पाहून कोणीतरी आपली चप्पल काढून दिली.
मला पाहून बाबांनी पुन्हा पाचही म्हटले. बरोबर. क्रमानं. आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.
घरी त्यांचे पाय धुताना इंदूनं मान वर न करता विचारलं, घरचा पत्ता काहून नाही शिकवला?
पत्ता टेस्टमध्ये नव्हता.