खोली नंबर तीनचं कपाट

१४ सप्टेंबर, रविवार
ठरलं. शारदा मंडळाच्या मीटिंगमध्ये 'गेमतज्ज्ञ' म्हणून माझं नाव पास झालं. २८ तारखेला, रविवारी दुपारी अडीच वाजता, मंडपातल्या मोठ्या पडद्यावर मी जुना हवेलीवाला हॉरर गेम लाईव्ह खेळणार. हा गेम तीनदा पूर्ण केलेला माणूस फुलचुरात एकच, असं मी सांगितलं. निदान मला तरी दुसरा कोणी माहीत नाही. अध्यक्ष लीलाधरलाही झापलं. मागच्या वर्षी ऐन आरतीत लाईन गेली होती. म्हटलं, यंदा जनरेटर पाहिजे म्हणजे पाहिजे. तो हौ म्हणाला. आपल्या शब्दाला वजन आहे.

१५ सप्टेंबर
टीनानं वर्गात सांगून टाकलं की माझे पप्पा भुताले भेत नाही. अख्खी चौथी पाहायला येणार. छाती फुगली. जरा धडधडलीही, पण ते गॅसेस.

१७ सप्टेंबर
भाषणाचे मुद्दे काढले. जुने हॉरर गेम म्हणजे छातीचं काम. कॅमेरा हलत नाही, माणूस ट्रॅक्टरसारखा वळतो, गोळ्या मोजक्या, सेव्ह करायला मेणबत्ती लागते आणि पूर्ण हवेलीत मेणबत्त्या पाच. आणि आजकालचे स्टोरीवाले गेम? चाला, बोला, रडा. एकात तर एक म्हातारा हरवलेली पोरगी शोधत फिरतो. दर थोड्या वेळानं स्क्रीनवर तीन पर्याय येतात: खरं सांगा, खोटं बोला, गप्प राहा. दहा सेकंदांत निवडायचं. गप्प राहिलं तरी गेम पुढं जातो! याला काय गेम म्हणतात?

विरोधकाची माहिती असावी म्हणून मोबाईलचं दुकान बंद करून आलो की रोज तासभर तोच खेळून राहिलो. आज म्हातारा बसस्टँडवर पोरीची चप्पल ओळखतो. डोळ्यांत पाणी आलं. बायकोला, रेणूला म्हटलं, तुझ्या कांद्यानं. ती म्हणाली, दोडके चिरून राहिली.

२० सप्टेंबर
हवेलीचा सराव करणार होतो. कंट्रोलर हातात घेतला आणि लक्षात आलं की सराव नवशिक्यांनी करायचा असतो. शिवाय खोली नंबर तीनमध्ये कपाट आहे. कपाटातून ती बाई निघते. तिला मी भेत नाही, फक्त तिचा आवाज कानाला बरा नाही. सेव्ह केलेल्या जुन्या खेळांची यादी, म्हणजे लोड मेनूही मी उघडत नाही. खरा खेळाडू दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो. बारा वर्षांपासून मी पहिल्यापासूनच सुरू करून राहिलो.

२४ सप्टेंबर
सासूबाई आल्या. शकुंतलाबाई, मुक्काम पोस्ट दरेकसा. दसऱ्यापर्यंत राहणार. त्यांच्यासमोर खोली नंबर दोनपर्यंत मजल मारली आणि फोन आल्यासारखं करून अंगणात गेलो. परत आलो तर त्या रेणूला विचारत होत्या, जवाई दारापासून वापस कायले येते म्हणून. रेणू नुसती हसली. जंगलाच्या कडेला जन्म गेला त्या माऊलीचा, तिला तंत्र काय कळणार.

२६ सप्टेंबर
चिंता मिटली. म्हणजे चिंता नव्हतीच. दर रविवारी दोन ते चार आपल्या भागातली लाईन जाते, मेंटेनन्ससाठी. अडीचला मी स्टेजवर बसणार, लाईन नसणार, मी हळहळणार. 'नाहीतर दाखवलंच असतं' एवढं म्हणायचं आणि चहा प्यायचा. अडीचची वेळ त्या दिवशी माझ्या तोंडून सहज निघाली होती. याला उपजत बुद्धी म्हणतात.

२८ सप्टेंबर, दुपारी १.५५
मंडपातून, मोबाईलवर लिहून राहिलो. घरचं गेमचं मशीन पडद्याला जोडलं. इस्त्रीचा शर्ट. चौथीचा वर्ग पहिल्या रांगेत, टीना मधोमध.

२.००
लाईन गेली. शारदामातेची कृपा.

२.०१
जनरेटर सुरू झाला. लीलाधर माईकवरून म्हणाला, हे उमेंद्रभाऊंच्या आग्रहामुळं शक्य झालं. टाळ्या.

संध्याकाळी ६
घरी. जे झालं ते शांतपणे लिहितो. लीलाधरनं हौसेनं लोड मेनू उघडला. पडद्यावर चार नोंदी. उमेंद्र, खोली नंबर दोन. खाली रेणू, पूर्ण. रेणू, पूर्ण. रेणू, पूर्ण. मी लगेच माईकवर सांगितलं की मी प्रेमानं बायकोच्या नावानं खेळतो. पुन्हा टाळ्या. तिथंच उठायला पाहिजे होतं.

खोली तीन उघडली. कपाट उघडलं. पुढचं मला आठवत नाही. लोक सांगतात, मी "आई वं" म्हणून ओरडलो, माईक चालू होता, भजीच्या ठेल्यापर्यंत ऐकू गेलं, आणि मी सासूबाईंच्या खुर्चीमागं सापडलो.

"टीव्हीतली बाई हाये, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर नाही येत ते."

रेणूनं पदर खोचला, कंट्रोलर उचलला, बाईला दोन गोळ्यांत झोपवलं आणि तासाभरात पूर्ण हवेली मोकळी केली. एक मेणबत्तीही खर्च केली नाही. पोट्टे शिट्ट्या मारून राहिले होते. मी दुकानात असताना दुपारी खेळायची म्हणे. सांगितलं काऊन नाही, असं विचारलं, तर म्हणाली, तुम्ही दर जेवणात तीनदा पूर्ण केल्याची गोष्ट सांगता, मधात कुठं बोलू? टीना घरी येईपर्यंत मम्मीचा हात धरून पुढं चालत होती.

२९ सप्टेंबर
टीना शाळेतून आली. दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही एकदा तरी पूर्ण केला होता का?"

खरं सांगा. खोटं बोला. गप्प राहा. दहा सेकंद. मी मनात मोजले. दहाही गेले.

तिनं दप्तर खाली ठेवलं. म्हणाली, वर्गात सगळे हसले, मग मीच सांगून दिलं की पप्पा भेतात, पण आमच्या घरी मम्मी आहे. एवढं बोलून ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आज घरात कांदे नव्हते, दोडकेही नव्हते.

संकल्प: उद्यापासून दुपारी तीन ते चार दुकान बंद, हवेली शिकायची. रेणू शिकवायला तयार आहे. एका बाजूला ती बसणार, दुसऱ्या बाजूला टीना. मला मधात बसवणार आहेत.