वस्तादांची दुसरी सुई

३ नोव्हेंबर
दिवाळी झाली, आज तालमीत माती बदलली. ट्रॉलीभर तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबं, कापूर. पोरं धडधाकट आहेत, पण कुदळ ह्यांच्याच हातात पाहिजे. अठ्ठावन्नाव्या वर्षी. वस्ताद ना! बसली डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारी. लंगडत घरी आले ते जखमेत तीच माती भरून.
म्हटलं, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या.
"चाळीस वर्सं ह्याच मातीनं जखमा भरल्यात माझ्या. मला सुई शिकवतीस व्हय?"
जेवताना पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. मग मी शिलाई मशीनवर बसले. लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत.

७ नोव्हेंबर
जखम वरून मिटली. चहाच्या आधी पाय माझ्यापुढे. "बघ की. माती ती माती." बघितलं. अभ्या नोकरीला लागला तेव्हासुद्धा बापाचा चेहरा इतका खुलला नव्हता.

११ नोव्हेंबर
भाकरी कडक झाली म्हणून ओरडले. रोजच्यासारखीच होती. संध्याकाळी मऊ भात केला, तोही चावेना. दाढ असेल म्हणतात. मानही आखडलीय. वस्तादांची मान आखडली म्हणजे बाकी पेठेनं काय करायचं, म्हटलं. हसायला गेले, पण तोंड नीट हललं नाही. ते हसणं मला आवडलं नाही.

१२ नोव्हेंबर
दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तोंड बोटभरच उघडलं. त्यांनी दाढ बघितलीच नाही. "एवढ्यात कुठं जखम झाली होती का?" ह्यांनी पाय मागं ओढला. मी सांगितलं. म्हणाले, घरी जाऊ नका, इथून थेट मोठ्या दवाखान्यात जा.
अभ्या कंपनीतून परस्पर आला. धनुर्वातच आहे. आयसीयूत घेतलं.
मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रिक्षात विसरलेली छत्री आठवत राहिली.

१३ नोव्हेंबर
डॉक्टर बाई लहान आहेत, आमच्या लेकीच्या, मंजीच्या वयाच्या. नीट सांगतात. मातीत, शेणात ह्या जंतूंचं बी असतं. जखमेतून आत गेलं, वरून जखम मिटली, की आत त्यांचं फावतं. विष नसांत जातं. आधी जबडा, मग मान, पाठ. हळद-कापरानं ते बी मरत नाही.
दत्तूअण्णा, ह्यांचे तालमीतले जुने जोडीदार, म्हणाले, "पर कुदळ नवी हुती, गंज न्हवताच की!" बाई म्हणाल्या, गंजाचा काही संबंध नाही. अण्णांना ते पटलं नाही. गंजावर ढकलता आलं असतं तर माती सुटली असती.
खोलीत अंधार. पडदे लावलेले. आवाज झाला, हात लागला, की सगळं अंग ताठतं. पाठ उचलते. आणि शुद्ध पूर्ण! सगळं कळतंय त्यांना. मी पदर सावरला, बांगड्या वाजल्या, आणि झटका आला. माझ्या बांगड्यांनी.
रुमाल बांधून बघितला. तरी वाजतात. बाहेर येऊन साबण लावून एकेक काढली. एकही वाढू दिली नाही. बारा हिरव्या. पिशवीत ठेवल्या.

१४ नोव्हेंबर
नणंद नेसरीहून आल्या. अक्कांनी माझे हात बघितले आणि कॉरिडॉरमध्येच सुरू झाल्या. "चुडा उतरवलास? माझा भाऊ अजून जित्ता हाय की गं!"
म्हटलं, अक्का, जिता राहावा म्हणूनच उतरवलाय.
ऐकलं नाहीत. बाकावर पाठ फिरवून बसल्या. मला रागही आला नाही. राग यायला हवा होता.

१५ नोव्हेंबर
श्वासाच्या मशीनवर घेतलं. झोपेचं औषध चालू. आता त्यांना काही कळत नाही म्हणतात. बरं झालं.

१९ नोव्हेंबर
गळ्याला भोक पाडून नळी बसवली. सही मी केली. अक्षर चांगलं आलं.

२१ नोव्हेंबर
डॉक्टर बाईंना विचारलं, मलाही मातीत काम पडतं, परसात कुंड्या आहेत, मला का नाही झालं? म्हणाल्या, "काकू, तुमची इंजेक्शनं झाली असतील. बाळंतपणाच्या वेळी." झालीच होती. अभ्याच्या वेळी, मंजीच्या वेळी. नर्स ओरडायची म्हणून गेले होते. मधेही एकदा, विळी लागली तेव्हा. ह्यांना मात्र कोणी कधी ओरडलंच नाही. वस्तादांना कोण ओरडणार? बाई म्हणाल्या, पुरुष असे राहून जातात. दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं.

२४ नोव्हेंबर
दुपारी घरी येऊन चार ब्लाऊज पूर्ण केले. गिऱ्हाईक बाई म्हणाली, कसं बाई जमतं तुम्हाला. काय सांगू. काचेतून ह्यांच्याकडे बघते तेव्हाही असंच वाटतं, टाका सरळ पडतोय की नाही एवढंच बघायचं. माझं आत काहीतरी बंद पडलंय. त्याचीच भीती वाटते, ह्यांच्या आजारापेक्षा जास्त.

२७ नोव्हेंबर
अण्णांना म्हटलं, तालमीतल्या सगळ्या पोरांना टोचून आणा. सरकारी दवाखान्यात फुकट आहे.
"वैनी, मातीवर संशय घ्यायचा म्हंजे… आवो, कपाळाला लावतो आपण ती."
"लावा की कपाळाला. जखमेत भरू नका."
म्हणाले, "वस्ताद म्हणतील तसं. त्येंनी सांगितलं तर पोरं रांगेनं जातील. माझं कोण ऐकतंय!"
रोज सकाळी पोरं त्याच मातीत उतरतायत. खरचटल्यावर काय लावत असतील ते मला माहीत आहे.

३ डिसेंबर
झटके थांबले. औषध उतरवतायत. डोळे उघडले. मला ओळखलं, मग हातांकडे बघितलं. मनगटांवरून नजर हलेना. बोलता येत नाही, नळी आहे. काय वाटलं असेल? स्वतःच मेलोय असं? म्हटलं, अहो, आवाज होत होता म्हणून काढल्यात. कळलं की नाही कोण जाणे.

६ डिसेंबर
मशीन काढलं. श्वास स्वतःचा, नळी अजून गळ्यातच. अंग निम्मं राहिलंय. अक्का देवीला ओटी भरून आल्या. मला म्हणाल्या, आता तरी घाल. म्हटलं, थांबा.
डॉक्टर बाई म्हणाल्या, धनुर्वात होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं. अंगाला संरक्षण लसीनंच मिळतं. पहिली सुई आणलं त्याच दिवशी दिली होती. दुसरी आता, तिसरी काही महिन्यांनी. हे डोळे वटारून ऐकत होते.

९ डिसेंबर
उद्या दुसरी सुई. बाईंनी विचारलं, घेणार ना वस्ताद? ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. उठून बसवायला दोन माणसं लागतात, पण ऐट तीच. घेतली म्हणजे माती हरली, हे त्यांच्या डोक्यात. अण्णा दारात उभे होते.
सगळे गेल्यावर पिशवीतून बांगड्या काढल्या, चादरीवर ठेवल्या.
म्हटलं, "मी उतरवल्यात, मीच घालणार. तुम्ही सुई घ्याल आणि पोरांनाही घ्या म्हणून खुणेनं का होईना सांगाल, त्या दिवशी. नाहीतर मोकळ्या हातांनी पेठेत फिरेन. कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या."
बोलता बोलता आवाज फुटला. महिनाभरात पहिल्यांदा रडले. ह्यांच्यासमोरच. थांबवता आलं नाही.
त्यांनी बांगड्यांकडे बघितलं. हात सरकवत सरकवत माझ्या मनगटावर आणला. बोटांत अजून जोर नाही. मग डोळे मिटले. हो म्हणून की दमून, कळलं नाही.
बांगड्या परत पिशवीत ठेवल्यात. अण्णांना सकाळी यायला सांगितलंय, पोरांना घेऊन.