घोसाळ्याचं रीळ

आई,

परवा तुझा घोसाळ्याचा वेल पुन्हा वाढताना पाहिला. कुंडीतून कोंब वर येण्यापासून गॅलरीच्या पत्र्याला टेकेपर्यंत, सगळा तीन मिनिटांत. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. आता माझी लेक कॉलेजात जाते, आणि मागच्या महिन्यात तिने खिडकीतल्या मोगऱ्यासमोर मोबाइल उभा करून ठेवला होता. कळी उमलताना टिपायची म्हणे. मी विचारलं, सारखं सारखं बटण कोण दाबणार, तर ती माझ्याकडे बघून हसली. फोन आपला आपण ठरावीक वेळाने फोटो काढतो आणि शेवटी सगळे जोडून हलतं चित्र करून देतो. मी म्हटलं, हे आमच्या घरीसुद्धा होतं, बिस्किटाच्या डब्यात. तिला पटेना. मग मी कपाटावरची बॅग काढली, तुझं रीळ शोधलं आणि मुंबईतल्या एका दुकानात देऊन ते कॉम्प्युटरवर बघता येईल असं करून आणलं. दुकानदाराने सहज विचारलं, लग्नाचं आहे का. मी म्हटलं, घोसाळ्याचं.

बाबांचा तो कॅमेरा तुला कधीच आवडला नाही आणि तू ते लपवलंही नाहीस. पनवेलपासून उरणपर्यंतची किती लग्नं त्यांनी त्या कॅमेऱ्यावर काढली, पण आपल्या घरातलं काही काढायचं म्हटलं की रीळ महाग, रीळ मिळत नाही, पुढच्या वेळी बघू. एक रीळ तीन मिनिटांचं. तेवढ्यात हळद, अंतरपाट आणि नवरीचं रडणं बसवायचं, यात बाबांची सगळी हुशारी होती. मग व्हिडिओ आला. लोकांना तीन तासांची कॅसेट हवी झाली, पंगतीत कोणी काय खाल्लं तेसुद्धा दिसायला हवं झालं, आणि बाबांकडे उरले पासपोर्टचे फोटो. कॅमेरा कपाटात गेला आणि शेवटचं एक रीळ फ्रिजच्या दारात, अंड्यांशेजारी. विरजणाचं भांडं कुठे ठेवू, असं तू रोज विचारायचीस. बाबा ऐकलं न ऐकलं करायचे.

एस.टी. स्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करणारे त्यांचे मित्र होते, त्यांनी तो टायमर करून दिला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत तारा आणि सेल, वर एक गोल बटण. ते फिरवलं की किती वेळाने फोटो काढायचा हे ठरायचं. डब्यातून एक वायर निघून कॅमेऱ्यापर्यंत जायची. आधी आत काहीतरी गुणगुणायचं, मग टक् व्हायचं, आणि रिळावर एक चित्र उमटायचं. बाबांनी दहा मिनिटांचा वेळ लावला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना कॅमेऱ्याचा स्टँड सुतळीने बांधून टाकला आणि समोर मागच्या गॅलरीत तुझी कुंडी. चिरनेरहून आजीने पाठवलेलं वाळकं घोसाळं हलवून तू त्यातून बिया काढल्या होत्यास, आणि राहिलेल्या जाळीने मला आंघोळीला इतकं घासायचीस की मी ओरडायचे. वेल चढवायला सुतळी तूच बांधलीस. म्हणजे कॅमेरा बाबांचा, पण वेल तुझा. सकाळी टायमर चालू करायचा आणि दिवे लागले की बंद करायचा, हेही काम हळूहळू तुझ्याकडेच आलं, कारण बाबा तेव्हा स्टुडिओत असायचे.

पहिल्याच आठवड्यात तू पाणी घालायला वाकलीस आणि नेमकं टक् झालं. बाबा रविवारमुळे घरी होते, बाहेर पाहुणे बसले होते. बाबा तिथूनच बोलले, अगं, एक चित्र वाया घालवलंस. मग आत येऊन पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या रिळात मला वेल हवा आहे. माणसं जन्मभर काढली." असलं बोलणं तू एरवी ऐकून घेतलं नसतंस. त्या दिवशी तू तांब्या खाली ठेवलास, पदराला हात पुसलेस आणि शांतपणे म्हणालीस, "मी नाय येनार तुमच्या फोटूत. निवांत रावा." घरात तू आमच्यासारखंच बोलायचीस, पण फार लागलं की माहेरची बोली यायची. बाबांना ते कळत असणार. त्याच रात्री दिवे बंद करून त्यांनी रिळाची ती वाया गेलेली सुरुवात कापून टाकली, तीही वेलासाठीच.

आणि तू शब्द पाळलास. दोरीवर कपडे घालायचे तर गॅलरीत, मोरीत जायचं तर गॅलरीतून, करंजा बंदरावरून आणलेले बोंबील वाळत घालायचे तर तिथेच. दिवसातून कितीदा तुला त्या कॅमेऱ्यासमोरून जावं लागत असेल. पण तू त्या डब्याचं गुणगुणणं ओळखायला लागलीस. आम्हाला कुणाला ते ऐकू यायचं नाही. भाकरी थापता थापता तू मान वर करायचीस, माझी वेणी धरून मला दारातच थांबवायचीस, टक् व्हायचं आणि मग आपण दोघी बाहेर. पुढे पुढे तर तुझा सगळा स्वयंपाक त्याच्यावर चालायला लागला. डाळ चढवलीस की म्हणायचीस, दोनदा वाजलं की सांग. मला त्याची मजा वाटायची. घरात आपल्या दोघींचाच एक खेळ चालला आहे असं वाटायचं.

मग तुला ताप यायला लागला. आधी थंडीताप म्हणालो, मग डोळे पिवळे दिसायला लागले. ज्या दिवशी तुला दवाखान्यात न्यायचं ठरलं, त्या सकाळीही तू टायमर चालू केलास. नको नको म्हणत असताना आंघोळ करून आपली हिरवी साडी पिळून दोरीवर टाकलीस. बाबा खाली रिक्षा थांबवून हाका मारत होते. आणि तू स्वयंपाकघराच्या दाराआड भिंतीला टेकून, पाण्याचा तांब्या हातात धरून उभी. मी म्हटलं, आई चल ना, बाबा चिडतील. तू डोळे मिटले होतेस. म्हणालीस, "थांब गो. आता वाजेल." टक् झालं. तू बाहेर गेलीस, वेलाला पाणी घातलंस, आत आलीस आणि चपला घातल्यास. तुझ्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं धड वाक्य. रिक्षा वळेपर्यंत मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभी होते, पण तू वर बघितलं नाहीस.

दवाखान्यातून तुला मुंबईला हलवलं. मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. घराला कुलूप, आणि आत तो डबा सुरूच. रिळात ते सगळं आहे, आई. तोपर्यंत रिळात एकही रात्र नाही, कारण तू रोज टायमर बंद करायचीस. उजेडाला लागून उजेड, वेल आपला चढतो आहे. आणि मग एकाएकी काळोख येतो. पुन्हा दिवस, पुन्हा काळोख. कुंडीतली माती फिकी पडत जाते, पानं खाली येतात, एक पिवळं फूल उमलतं आणि तिथेच मिटून गळतं. आमचं काय चाललं होतं ते त्या रिळात काहीच नाही, पण त्या दिवसांचं दुसरं काही माझ्याजवळ नाही.

तुला पोचवून सगळे घरी आले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कोणी मोठ्याने रडत नव्हतं. तेवढ्यात आतून टक् असा आवाज आला. कुणीतरी विचारलं, हे काय वाजतं. बाबा उठले. मला वाटलं, आता हे सगळं फोडून टाकतात. त्यांनी टायमरला हातही लावला नाही. तांब्या भरून घेतला आणि सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन वेलाला पाणी घालत राहिले, पाणी कुंडीखालून वाहायला लागलं तरी. ते चित्र रिळात आहे. त्याच्यानंतर बाबा वरचेवर आहेत. कधी पाठ, कधी कोपर, कधी नुसती बनियनची बाही. टायमर त्यांनी करवून घेतला होता, पण त्याचं गुणगुणणं त्यांना शेवटपर्यंत ऐकू आलं नाही. वेल जगला. एक घोसाळंही धरलं. ते बाबांनी काढलं नाही, वेलावरच वाळू दिलं.

रीळ धुऊन आलं तेव्हा खिडक्यांना चादरी लावून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आम्ही दोघांनी ते पाहिलं. मी वेल बघत होते. बाबा वेल बघत नव्हते. तेव्हा मला कळलं की बाबा तुला शोधताहेत. लोकांच्या इतक्या बायका-मुली त्यांनी हलत्या-बोलत्या करून ठेवल्या होत्या, आणि तुझे मेले दोन फोटो, एक लग्नातला आणि एक रेशनकार्डासाठी काढलेला. पहिल्या काळोखाच्या जरा आधी, चित्राच्या उजव्या कडेला काहीतरी हिरवं येऊन गेलं. डोळ्यांची उघडझाप व्हावी तेवढंच. बाबांनी प्रोजेक्टर उलटा फिरवला, पुन्हा लावला. "बघ, ही बघ. आली." मी म्हटलं, थांबवा ना, नीट दिसेल. तर म्हणाले, थांबवलं की दिव्याने रीळ जळतं. मग दरवर्षी तुझ्या श्राद्धाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, बाबा खिडक्या लावून रीळ लावायचे. त्या जागेवर ते इतक्यांदा पुढे-मागे झालंय की तिथे उभे ओरखडे पडलेत. एका वर्षी, माझं लग्न ठरलं होतं तेव्हा, ते भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं तिच्या, बाजूला व्हायला जमलं नाही. शेवटच्या दिवशी तरी माझं ऐकलं नाही. बरं झालं." मला दाराआड उभी असलेली तू आठवत होतीस. पण हिरवं तर मलाही दिसलं होतं. पाणी घालून आत आलीस तेव्हा तुझ्या अंगावर कोणती साडी होती, ते मला काही केल्या आठवत नव्हतं.

बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आणि परवा, घरात कोणी नसताना, मी कॉम्प्युटरवर ते रीळ लावलं आणि त्या जागेवर थांबवलं. इथे काही जळत नाही. चित्र थांबलं ते थांबलंच. हिरवी साडी आहे, आई, तुझीच आहे. वर दोरी आहे आणि दोरीवर लाकडी चिमटा आहे. आपली गॅलरी पश्चिमेची, आणि कुंडीची सावली आतल्या बाजूला लांब पडली आहे, म्हणजे दुपार उलटलेली. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटायचा आणि दोरीवरचे कपडे कॅमेऱ्यासमोर यायचे; एरवी तू ते त्याआधीच काढून घ्यायचीस. तेव्हा तू दवाखान्यात होतीस. खरं सांगू, मला तुझा राग आला. एवढा कसला तो शब्द पाळायचा. एकदा चुकली असतीस तर काय बिघडलं असतं. मग मी पहिल्यापासून एक एक चित्र पुढे सरकवत गेले. कुठेच नाहीस. माती कोरडी दिसते, आणि पुढच्या चित्रात एकदम काळी, ओली. पुन्हा कोरडी, पुन्हा ओली. घालणारा हात कुठेच नाही. तेवढंच तुझं.

रविवारी लेकीला दाखवलं. तिने तुला पाहिलेलं नाही, बाबांच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिला पाठ आहे. ती विचारत होती, आजी कधी येते. मी म्हटलं, थांब, आता येईल. हिरवं येऊन गेलं. ती म्हणाली, मम्मी थांबव ना, नीट बघू दे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नको, जळेल. ती हसायला लागली, कॉम्प्युटरवर काय जळणार आहे. मीही हसले, पण तिचा हात बटणाकडे जाऊ दिला नाही.