उकलून आणलेलं घर

९ जानेवारी १९८३, रविवार

घर घेतलं! सागवानी, शंभर वर्षांचं. फक्त ते उभं आहे धरणाच्या बुडितात आणि आमचा प्लॉट इथे देवपूरला. मध्ये वीस कोस!

जेवताना ह्यांना सांगितलं. घास हातात तसाच राहिला. "लोक जुनं टाकून नवं बांधतात. तू उलटी कशी गं?" स्लॅबचं घर ठरलं होतं, सिमेंटसुद्धा ह्यांनी बोलून ठेवलं होतं. मी म्हटलं, हेच घर प्लॉटवर आणून उभं करायचं. "तुला काय कळतं त्यातलं?" काही नाही! शाळेत चित्रकला शिकवते, एवढंच. पण मतदारयादीच्या कामाला त्या गावी गेले होते. शेजारच्या घराचे नक्षीचे खांब कुऱ्हाडीने तोडत होते — जळणाला. तेव्हाच ठरलं.

१६ जानेवारी

नूर महंमद मिस्त्रींना घेऊन गेले. वय साठीपुढचं, बोलणं मोजकं. जाताना एस.टी.त म्हणत होते, "बाई, असल्या लाकडात काही राहिलेलं नसतं." तिथे खांबावर बोटाने टकटक केली, कान लावला. एकेक करत सगळ्या खांबांना. मग — "कधी उकलायचं?"

३० जानेवारी

आज छताची शेवटची कडी निघाली. छपराची माती चार दिवस उपसली, डोळे अजून चुरचुरतात. एकूण दोनशे अकरा नग. प्रत्येकावर खडूने नंबर घातला आणि वहीत चित्र काढलं.

घराचे मालक अभिमनभाऊ सगळा वेळ निंबाखाली बसून होते. त्यांना नव्या वसाहतीत पत्र्याची एक खोली मिळाली आहे. ट्रक निघताना एवढंच म्हणाले, "बाई, तोडजो नको. बठ्ठं नीट लावजो." सगळं नीट लावीन म्हणून नुसती मान हलवली.

३१ जानेवारी

खडू पुसला गेला!! दोरखंड, ताडपत्री, हमालांचे हात — दोनशे अकरातले सत्तर नंबरसुद्धा दिसत नाहीत. शाळेत मुलींना सांगते, खडू पुसला जातो, तेलरंग राहतो. मलाच कळू नये?

हे ढिगाकडे बघून घरात गेले. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

वही घेऊन एकेक खाच मोजते, चित्राशी ताडते. आज एकशे अडुसष्टावा नग ओळखला. आता तेलरंगानेच नंबर घालते.

२० फेब्रुवारी

एकशे पंचाहत्तर.

६ मार्च

दोनशे अकरा!

२७ मार्च

सकाळी आठही खांब उभे राहिले, दुपारी मोठी तुळई चढवत होतो. दोर घसरला — मी धरलेल्या बाजूचा. तुळई खाली आली, टोकाला उभी फाटली आणि मिस्त्रींच्या पायावर पडली. दोन बोटं चेपली.

हे म्हणाले, "आता पुरे. उद्या ठेकेदाराला बोलावतो." मी दोर गुंडाळून ठेवला.

२८ मार्च

मिस्त्रींच्या घरी गेले. त्यांची बायको शहजादी दारातच उभी. "तुमची हौस होते बाई, पाय आमचा जातो." खरंच आहे. मी म्हटलं, काम बंद करते.

आतून मिस्त्री ओरडले, "कशाला बंद? तुळई फाटली, मेली नाही! फाटलेलं टोक कापायचं, नवं सागवान सांधायचं. मी बसून सांगतो. करवत तुम्ही धरा."

शहजादी आत निघून गेली. पण चहा आला.

३ एप्रिल

मिस्त्री खाटेवर, पायाला फडकं. मी करवतीवर. तासात बोटभर कापलं असेल. रस्त्याने येणारे-जाणारे थांबून बघत होते. बघू देत! तळहाताला फोड आले, पदर गुंडाळून पुन्हा बसले.

साडेदहाला करवत एकदम हलकी झाली. वर पाहिलं — दुसऱ्या टोकाला हे. सदरा काढून ठेवलेला. "ओढ," म्हणाले, "जोर लावू नकोस, नुसती ओढ." ठेकेदाराचं नाव नाही काढलं.

१० एप्रिल

तुळई बसली! ह्या वेळी दोर ह्यांनी धरला होता. मिस्त्री खालून ओरडत होते, "हळू! हळू! पाचर मारा!" सांधा मी लाकडाच्या रंगात रंगवणार होते. मिस्त्री नको म्हणाले. "दिसू द्या. लाज कसली?"

१ मे

छपरावर खारी माती चढली, पावसाचं पाणी अडवणारी. पाच माणसं, दिवसभर तुडवणं. मीही तुडवली, साडी खोचून. खाली येऊन ओसरीत बसले, पाठ खांबाला टेकली. हे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "थंड आहे गं." बाहेर त्रेचाळीस! स्लॅबवाले शेजारी गच्चीवर पाणी मारत होते.

१५ मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सकाळी पुरण वाटत होते. दारच्या ओट्याशी तीन बायका, नव्या लुगड्यांत, हातात गाठोडी. पत्ता चुकला असेल म्हणून बाहेर गेले. थोरली म्हणाली, ती ताईबाई, ह्या दोघी धाकट्या; तिघी अभिमनभाऊंच्या बहिणी. "आखाजीले माहेर जावानं रहास, बाई. गाव तर उठनं. भाऊ सांगे, घर देवपूरमा शे."

तोवर धाकट्या दोघी आत गेल्यासुद्धा. विचारलं नाही, थबकल्या नाहीत. एकीने डावीकडच्या खोलीचं दार सरळ ढकललं. हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचा.

हाताला पुरण तसंच, मी अंगणातच उभी.

ताईबाईने उंबऱ्यातून मागे वळून पाहिलं. म्हणाली, "बाई, घरमा ये ना."