जत्रेतल्या ओळखींचं कोडं

कोरगाव, पेडणे
८ एप्रिल २०२५

चि. गौरवी हिस,
अनेक आशीर्वाद.

मी सुलोचना, तुमचा ‘रविवारचं गणित’ ग्रुप चालवणाऱ्या यशवंत सरांची बायको. आपण कधी भेटलो नाही. सरांनी तुला पुस्तक पाठवलं होतं, तेव्हाचा तुझा डिचोलीचा पत्ता घरात सापडला. फोनवरच लिहिलं असतं, पण आमच्या घरात फोन एकच आणि तो सरांच्या खिशात.

इकडे सगळं ठीक. काजू यंदा बरा आहे, बोंडूंच्या वासाने घर भरलंय. मोपाच्या विमानतळावरचं विमान गेलं की आमची म्हैस अजून बिथरते. सर जेवतात, फिरतात. परवा दारावर येणाऱ्या पोदेराकडून सकाळी दोनदा पाव घेतले, म्हणून रात्रीही पावच खाल्ले.

तुझे आभार मानायचे होते. सरांनी ते जत्रेचं कोडं चार वेळा ग्रुपवर घातलं. जत्रेत कितीही माणसं असोत, त्यांतल्या निदान दोघांच्या तिथल्या ओळखींचा आकडा सारखाच भरतो, हे सिद्ध करायचं. दर वेळी तू ते नव्या रीतीने सोडवलंस, जणू पहिल्यांदाच बघतेयस. “पळय, ह्या चेडवाक काय काय सुचता,” म्हणून तुझं कौतुक सांगायला सर मला हाका मारायचे. तू हे मुद्दाम करतेस, ते मला दुसऱ्याच वेळी कळलं होतं.

मग गेल्या महिन्यात एका सभासदाने लिहिलं, ‘सर, हे चौथ्यांदा आलंय.’ त्याचा तरी काय दोष? सरांनी फोन खाली ठेवला. मला म्हणाले, “तुका खबर होती?” मी नाही म्हटलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं, तेही मी त्यांना सांगितलेलं नाही. इथेही लिहीत नाही.

तेव्हापासून कोडं बंद. घेतलेला चहा विसरतात, मुलगा कुठे नोकरीला आहे ते विसरतात, पण ते वाक्य विसरत नाहीत. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून फोन घेऊन बसतात आणि काही न लिहिता उठतात. मला ते बघवत नाही गं.

म्हणून एक मागणं आहे. येत्या रविवारी तू लिही, ‘सर, ते जत्रेचं कोडं परत घाला.’ बाकीच्यांना आधीच सांगून ठेव. आणि या वेळी तू सोडवू नकोस. मी सोडवणार आहे, तिथेच त्यांच्या शेजारी बसून. मॅट्रिकला गणितात गचकलेली बायको म्हणून त्यांनी मला जन्मभर चिडवलं. पण तुझ्या सगळ्या रीती त्यांनी मला ओसरीवर काजू मांडून समजावल्यात, दर वेळी तितक्याच आनंदाने. आता माझ्यासारखीलाही येतं. सगळ्यांना ओळखणारा जत्रेत एक जरी असला, तर कुणालाच न ओळखणारा तिथे असू शकत नाही. म्हणजे माणसांपेक्षा आकडे एकाने कमी, मग कुणा दोघांचा आकडा सारखा येणारच. फक्त ओळख दोन्हीकडून हवी, ही अट सर सर्वांत आधी सांगतात.

काल दुपारी मी काजू सोलत होते. सर समोर येऊन बसले आणि अदबीने माझं गाव विचारू लागले, “बाई, तुमी खंयच्या?”

मी म्हटलं, “हयच्याच.” ते “बरां” म्हणाले आणि माझ्याबरोबर काजू सोलायला लागले.

रविवारी विसरू नकोस.

तुमच्या सरांना ओळखणारी,
सुलोचना